जिल्हा परिषदेची शाळा आणि पालकांची निवड : जालना जिल्ह्यातील कायदेशीर प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या बहुतेक खेड्यांत प्राथमिक शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. शिक्षक परिषदेच्या आस्थापनेवरचे, देखरेख पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्याची आणि गावपातळीवरचा कारभार शाळा व्यवस्थापन समितीचा. त्याच गावाच्या फाट्यावर सकाळी पिवळ्या व्हॅन येऊन थांबतात आणि टाय लावलेली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे जातात. या दोहोंतून एक शाळा निवडण्याचा पालकाला अधिकार आहे का, असला तर त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि गावची शाळा ओस पडली तर ती बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न शिक्षणाचे आहेत तितकेच कायद्याचेही आहेत. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यानंतर त्यांवर निकाल, नियम आणि शासन निर्णय इतके साचले आहेत की गावच्या मुख्याध्यापकाला आज नेमके काय लागू आहे हे व्हॉट्सॲपच्या गटावर विचारावे लागते.

गोंधळाचे मूळ रचनेत आहे. जिल्हा परिषद स्वतः शाळा चालवते. खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्याखालील मान्यता तिच्याच शिक्षणाधिकाऱ्याच्या सहीने मिळते. पालकाची तक्रारही पहिल्यांदा तिच्याच दारात जाते. एवढ्या भूमिका अंगावर असलेल्या या संस्थेच्या हाती धोरण मात्र जवळपास नाही. शिक्षक किती, कोणते, कुठे, हे मंत्रालय आणि पुण्याचे शिक्षण आयुक्तालय ठरवते.

जुन्या मुंबई प्रांतात प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे देण्याचा आणि परत काढून घेण्याचा खेळ बराच काळ चालला. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक बोर्डांच्या ताब्यात दिल्या, १९४७ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण पुन्हा वाढवले. जालन्याचा या इतिहासाशी संबंध नव्हता. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांचे सरकारी शिक्षण उर्दूतून होई आणि शाळा थेट शिक्षण खात्याच्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावर आधारलेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला, तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ चा. म्हणजे लोकनियुक्त मंडळाने शाळा चालवण्याची परंपरा इथे जुनी नाही. ती कायद्याने वरून आली. शाळेच्या प्रश्नावर आजही गाव थेट जिल्हाधिकारी कचेरीसमोर जाऊन बसते, शिक्षण समितीच्या सभापतीकडे क्वचितच जाते, यामागे हेही एक कारण असावे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण हा विषय घातला. अनुच्छेद २४३-छ मात्र राज्याला ‘देता येतील’ अशा भाषेत अधिकार देण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. त्यामुळे जिल्हा परिषदेचा शिक्षणावरचा हक्क घटनेने दिलेला नसून राज्याच्या कायद्याने दिलेला आहे, आणि शासन निर्णयाने तो कमी करता येतो. याउलट अनुच्छेद २४३-ङ निःसंदिग्ध आहे : मुदत पाच वर्षांची, निवडणूक मुदत संपण्याआधी. जालना जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली आणि मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावरील न्यायालयीन वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेला. निवडणुका चार महिन्यांत उरका, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले; ती मुदतही पुढे वाढवावी लागली. प्रशासकाच्या काळात घेतलेले निर्णय कायद्याने वैध असतात. पण शाळा बंद करणे, वर्ग जोडणे, शिक्षक हलवणे यांवर आधी जी लोकनियुक्त शिक्षण समिती ठराव करी, ती या काळात अस्तित्वातच नव्हती. ‘स्थानिक कारभार’ हा शब्द कागदावर होता, त्यातले स्थानिक लोक नव्हते.

समिती उरली ती गावातली. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतो. समितीने शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचे, अनुदानाचा विनियोग पाहायचा आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करायचा. वाचताना हे अधिकार भरघोस वाटतात. प्रत्यक्षात शिक्षकाची हजेरी पाहता येते, गैरहजर शिक्षकावर कारवाई करता येत नाही. आराखडा करता येतो, त्यासाठी निधी मागण्याचा हक्क नाही. समग्र शिक्षा अभियानात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला मिळणारे संयुक्त अनुदान साधारण दहा हजार रुपयांचे. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती भागवायची. वीजबिल थकून शाळेचा मीटर काढून नेल्यावर डिजिटल वर्गाचा टीव्ही कपाटात जातो, आणि त्याबद्दल पालकांनी जाब विचारायचा तो स्वतःच अध्यक्ष असलेल्या समितीला.

अपुऱ्या पैशातून लोकवर्गणी येते. गावाने स्वखुशीने वर्गणी काढून वर्गखोली बांधायला कायद्याची हरकत नाही. वर्गणी आणि प्रवेश यांचा संबंध जोडला गेला की मात्र कलम १३ आड येते : प्रवेशासाठी कोणतीही देणगी घेणे आणि मुलाची चाळणी परीक्षा घेणे हा दंडनीय गुन्हा आहे. हे कलम खासगी शाळांइतकेच जिल्हा परिषदेच्या शाळांनाही लागू आहे, ही गोष्ट नावाजलेल्या सरकारी शाळांच्या बाबतीत विसरली जाते. पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेसारखी एखादी जिल्हा परिषद शाळा गाजली की बाहेरगावचे पालक रांग लावतात. अशा वेळी कलम ३ आणि ६ यांनी सांगितलेला परिसरातल्या मुलांचा हक्क पहिला. बाहेरच्यांना निवड देताना गावातले मूल मागे टाकता येत नाही.

जागेचा प्रश्न याहून जुना. मराठवाड्यातल्या कितीतरी शाळा कोणीतरी तोंडी दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. देणाऱ्याने गावासमोर शब्द दिला, गावाने पत्रे टाकले, आणि सातबारा मूळ नावावरच राहिला. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय पूर्ण होत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२३ सांगते. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला की नातवंडे मोजणी आणतात. इतकी वर्षे ताबा होता, म्हणून जमीन आमची, हा बचावही सरकारी यंत्रणेला सहजी मिळत नाही. २०२० मध्ये विद्यादेवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला नागरिकाच्या जमिनीवर विरोधी कब्जाचा दावा करू दिला नाही. ज्या शाळांच्या जमिनीची कागदपत्रे अर्धवट आहेत, त्यांच्या व्यवस्थापन समित्यांनी आराखड्यात पहिले काम हेच लिहावे.

आता शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तर दोन शिक्षक हवेत. मुले किती कमी, याला खालची मर्यादा दिलेली नाही. सहावी ते आठवीत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. राज्याच्या १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, शासन निर्णयाने मात्र सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असलेल्या ठिकाणी शिक्षकपद शून्यावर आणले. केंद्रीय कायद्याची अनुसूची एक सांगते आणि राज्याचा प्रशासकीय निर्णय दुसरे. शासन निर्णय कायद्यावर कुरघोडी करू शकत नाही, हे तत्त्व जुने आणि पक्के आहे. शासनाची बाजू पटसंख्येच्या आणि तिजोरीच्या हिशेबावर उभी आहे. या दोन बाजूंत शासनाची बाजू दुबळी दिसते, पण शिक्षक नसलेला वर्ग न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबून राहत नाही. पालक दाखला काढतात, आणि मग पट खरोखरच शून्य होतो.

बदल्यांचे वाद यातूनच येतात. २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या, ७ एप्रिल २०२१ च्या निर्णयाने नियम पुन्हा बदलले. अवघड क्षेत्र कोणते, पती-पत्नी एकत्रीकरणाचे अंतर कसे मोजायचे, आजाराचे प्रमाणपत्र खरे की खोटे, यांवरच्या याचिका औरंगाबाद खंडपीठाला नव्या नाहीत. संगणकाने वशिला कमी केला, हे मान्य करावे लागेल. त्याबरोबर जिल्हा परिषदेच्या हातातला शेवटचा मोठा अधिकारही गेला.

तांड्यांवरच्या शाळांची कथा वेगळी आहे. मंठा, परतूर, घनसावंगी या तालुक्यांत बंजारा तांडे आणि शेतवस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा वस्त्यांसाठी वस्तीशाळा निघाल्या आणि गावातलेच शिकलेले तरुण तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले. त्यांना १ मार्च २०१४ पासून नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतले गेले. आधीची वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरायची का, हा वाद त्यानंतर सुरू झाला.

याच शिक्षकांवर आणि इतर हजारोंवर १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाचा परिणाम होणार आहे. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या पीठाने शिक्षक पात्रता परीक्षा सेवेतल्या शिक्षकांनाही बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायचे. पाचपेक्षा कमी राहिलेल्यांना परीक्षेविना सेवा पूर्ण करता येईल, पदोन्नती मात्र मिळणार नाही. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षेला बसवणे शिक्षक संघटनांना अपमानास्पद वाटते. कायद्याच्या बाजूने पाहिले तर कलम २३ मध्ये किमान अर्हतेची तरतूद पहिल्यापासून होती आणि मुदती वाढवत नेण्याचे काम सरकारांनी केले.

कामाचा तिसरा वाद शाळाबाह्य जुंपणीचा. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सेंट मेरीज स्कूल प्रकरणात निवडणुकीचे काम शक्यतो सुटीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशी द्यावे, असे सांगितले होते. जिथे दोनच शिक्षक आहेत त्या शाळेत एक मतदार यादीच्या कामावर गेला की चार वर्ग एकाच खोलीत बसतात. खासगी इंग्रजी शाळेत ही वेळ तितक्या वारंवार येत नाही. पालकाच्या निवडीमागे असली साधी कारणे असतात.

पट घटला की शाळाबंदीचा प्रश्न येतो. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. त्याच महिन्यात १८ सप्टेंबरला दत्तक शाळा योजनेचा निर्णय निघाला आणि देणगीदाराचे नाव सरकारी शाळेला देण्याची सोय झाली. दोन्हींना राज्यभर विरोध झाला.

कायदा इथे अंतराच्या भाषेत बोलतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. त्यासाठी सामान्यतः किमान वीस मुलांची अट आहे. छोट्या वस्तीला शाळा देता येत नसेल तर वाहतुकीची सोय करण्याची जबाबदारी यंत्रणेवर येते. ‘चालत’ या शब्दाला इथे वजन आहे. दुधना, गिरजा, पूर्णा, कुंडलिका या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे पावसाळ्यात फुगतात. नकाशावरचे एक किलोमीटर जुलैत चार किलोमीटरचा वळसा होऊन बसते. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. समूह शाळेचा प्रस्ताव कायद्यात टिकायचा असेल तर बस आधी आणि विलीनीकरण नंतर, हा क्रम लागतो. प्रस्ताव सहसा उलट क्रमाने येतात.

पट घटण्याला आणखी एक कारण आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागांतली कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, तर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे ही केवळ योजना आहे. योजना उशिरा मंजूर झाली म्हणून न्यायालयात हक्क सांगता येत नाही, आणि वसतिगृह डिसेंबरात सुरू झाले तर मुले तोवर कारखान्यावर पोचलेली असतात. शिक्षणहक्क कायद्यातली ही सर्वांत मोठी फट आहे.

पालकांच्या निवडीचा हक्क अमेरिकेत ज्या निकालापासून मोजतात तो १९२५ चा : ओरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची केलेली सक्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पियर्स प्रकरणात रद्द केली. सरकारी पैशाचे व्हाउचर घेऊन खासगी, अगदी धार्मिक शाळेतही जाण्याची मुभा २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या झेलमन प्रकरणात मिळाली. आपल्याकडचा पहिला महत्त्वाचा वाद महाराष्ट्रातच, नाशिकजवळच्या देवळालीत घडला. मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने इंग्रजी माध्यमाच्या शाळा अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या मुलांपुरत्या मर्यादित केल्या. बार्न्स हायस्कूलने आणि प्रवेश नाकारलेल्या मुलांच्या पालकांनी दाद मागितली. त्यांत मातृभाषा गुजराती असलेले एक वडील होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात आदेश अनुच्छेद २९(२) च्या विरुद्ध ठरवला. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने हा आदेश इथे लागूच नव्हता, पण निकालाचे तत्त्व सगळ्या देशाला लागू झाले.

६ मे २०१४ हा दिवस या विषयात दोन निकालांचा. घटनापीठाने कर्नाटकच्या प्रकरणात, विनाअनुदानित प्राथमिक शाळेवर मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही, माध्यम निवडणे हा पालकांचा आणि मुलाचा अधिकार आहे, असे म्हटले. त्याच दिवशी प्रमती प्रकरणात शिक्षणहक्क कायदा वैध ठरवून अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, त्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या. पहिल्या निकालाने इंग्रजी शाळांना कायदेशीर बळ मिळाले, दुसऱ्याने अल्पसंख्याक दर्जाला किंमत आली. जालन्यासारख्या उर्दू भाषकांची मोठी वस्ती असलेल्या शहरात एक भेद लक्षात ठेवावा लागतो : जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक शाळा नव्हे. ती स्थानिक प्राधिकरणाची शाळा आहे आणि कायदा तिला संपूर्ण लागू आहे. अल्पसंख्याक संस्थेने स्थापन केलेल्या आणि चालवलेल्या शाळेलाच सूट मिळते. ही सरसकट सूट योग्य होती का, याविषयी २०२५ च्या शिक्षक पात्रतेच्या निकालात न्यायालयाने शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे सोपवला.

गरीब पालकाच्या हाती आलेली खरी निवड कलम १२(१)(ग) मधली. खासगी विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या आणि शासनाने प्रतिपूर्ती करायची. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद उचलून धरली. महाराष्ट्रात प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात. पालक ई-सेवा केंद्रावर बसतो, केंद्रचालक नकाशावरचा फुगा ओढून घराच्या जागी ठेवतो आणि यंत्रणा एक किलोमीटरच्या आतल्या शाळा दाखवते, मग तीन किलोमीटरपर्यंतच्या. फुगा थोडा सरकला तर शाळा यादीतून जाते किंवा यादीत येते. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. जालना शहरात पोलाद कारखान्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मजुराला घरमालक असा करार करून देत नाही, कारण त्याने स्वतः नोंदणी आणि कर टाळलेला असतो. सोडत लागूनही पडताळणीत प्रवेश जातो तो अशा कागदापायी.

या तरतुदीवर मोठा घाव राज्यानेच घातला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने नियम बदलले : ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. कर्नाटकने २०१८ मध्ये असेच केले होते आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ते चालवून घेतले होते. जालना जिल्ह्यात याचा अर्थ लावायला नकाशा लागत नाही. अंबड, परतूर, भोकरदन अशा तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी शाळा गावठाणालगत आहेत आणि जिल्हा परिषदेची किंवा जुन्या अनुदानित संस्थेची शाळा हाकेच्या अंतरावर. सूट जवळपास सगळ्यांनाच मिळाली असती आणि सोडतीतून मुलाला मिळाली असती तीच गावची शाळा, जिथे सोडतीशिवायही प्रवेश आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला दुरुस्ती कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केली. नियम मूळ कायद्यावर मात करू शकत नाही, हे त्याचे सार. दरम्यान काही शाळांनी त्या जागा शुल्क भरणाऱ्यांना दिल्या होत्या. ते प्रवेश कायम राहिले, पण २५ टक्क्यांचा कोटाही पूर्ण करावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

शाळाचालकांची तक्रारही खोटी नाही. प्रतिपूर्तीचा दर प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये असा बरीच वर्षे राहिला, कोविडच्या वर्षात तो ८,००० वर आणला गेला, आणि देणी वर्षानुवर्षे थकली. कलम १२(२) प्रतिपूर्तीचे बंधन घालते, पण उशिरावर व्याज सांगत नाही. थकबाकीपायी मुलाचा प्रवेश नाकारणे बेकायदेशीर आहे, आणि शासनाने पैसे थकवणेही. हक्क आठवीला संपतो, हीदेखील अडचण आहे. नववीत शाळा पूर्ण शुल्क मागते. आठ वर्षे इंग्रजीतून शिकलेले मूल मग मराठी अनुदानित शाळेत येते किंवा बाप कर्ज काढतो. आणि ज्या तांड्यापासून तीन किलोमीटरच्या आत खासगी शाळाच नाही, तिथे कलम १२ पोचतच नाही. ग्रामीण जालन्यात निवडीचा हक्क आहे तो मुख्यतः गाडीभाडे भरू शकणाऱ्याला.

खासगी शाळा निघते कशी, हेही पाहिले पाहिजे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर परवानगी राज्य शासन देते. गावची शाळा त्यामुळे ओस पडेल, हा आक्षेप ग्रामसभेने घेतला तरी कायद्यात त्याला निर्णायक स्थान नाही. मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला कलम १८ नुसार एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शुल्काबाबत २०११ चा शुल्क विनियमन कायदा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता मागतो, पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर शुल्काविरुद्ध दाद मागायला किमान २५ टक्के पालक लागतात. मूल त्याच शाळेत ठेवून एवढे पालक गोळा करणे तालुक्याच्या गावात जवळपास अशक्य आहे.

शाळा बदलताना वाद होतो तो दाखल्यावरून. कलम ५ नुसार आठवीपर्यंत दाखला तात्काळ द्यावा लागतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शुल्क बाकी आहे म्हणून दाखला अडवणाऱ्या शाळेला या कलमाचा आधार मिळत नाही. तिने पैशासाठी दिवाणी मार्ग धरावा.

शाळेचे रजिस्टर ही स्वतंत्र कायदेशीर वस्तू आहे. प्रवेश-निर्गम नोंदवहीतल्या एका आडव्या ओळीत नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, सोडल्याचे कारण एवढे सामावते आणि माणसाची नोकरी, निवृत्ती, आरक्षण त्यावर ठरते. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जुन्या शाळांच्या कपाटांतून निजामकालीन नोंदवह्या बाहेर आल्या. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून कुणबी नोंदी काढल्या गेल्या. ज्या वह्या एरवी वाळवीच्या हवाली होत्या, त्यांचे पान फाटलेले असणे हा अचानक मोठा मुद्दा झाला. नोंद दुरुस्त करायची तर माध्यमिक शाळा संहितेचे नियम लागतात. शाळा सोडल्यानंतरचा बदल फक्त उघड चुकीपुरता आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या मान्यतेने होतो. मुख्याध्यापकाने ओळखीखातर केलेली खाडाखोड जात पडताळणी समितीपुढे टिकत नाही.

जालना नगरपरिषदेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, त्याने एक नवा प्रश्न आला. महानगरपालिका कायद्यात प्राथमिक शिक्षण हे आवश्यक कर्तव्य आहे. शहरहद्दीतल्या जिल्हा परिषद शाळा, त्यांच्या जागा आणि शिक्षक कोणाकडे जायचे, शिक्षकांची सेवाज्येष्ठता कोणत्या यादीत धरायची, पगाराचा हिस्सा कोणी उचलायचा, हे वाद हद्दवाढीनंतर पुण्यासह इतर शहरांतही झाले आहेत. हस्तांतराचा आदेश निघेपर्यंत गळके छप्पर दुरुस्त करण्याची जबाबदारी दोन्ही कार्यालये एकमेकांकडे ढकलतात. पाणी आणि स्वच्छतागृहे प्रत्येक शाळेत असलीच पाहिजेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०१२ चा आदेश दोघांनाही सारखाच लागू आहे.

तक्रारीची वाट कलम ३२ ने आखली आहे. तक्रार लेखी, स्थानिक प्राधिकरणाकडे. त्याने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे, आणि त्यापुढे उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. ज्या कार्यालयाविरुद्ध गाऱ्हाणे त्यानेच पहिला निवाडा करायचा, हा या वाटेचा दोष उघड आहे आणि तो कायदा बदलल्याशिवाय जाणार नाही. तोवर पालकाने गटशिक्षणाधिकाऱ्याला तोंडी सांगून परतू नये. अर्ज दोन प्रतींत करावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. तीन महिने कधी संपले, हे आयोगापुढे किंवा खंडपीठात त्याच शिक्क्यावरून ठरते.